अडीच आटे

शनिवारी तू ती बसवून आलीस,
क्रोमची, गोल, भाकरीच्या तव्याएवढी.
जुनं काळं एअर क्लीनरचं खोकं
माझ्या बाकड्याखाली सरकवलंस
आणि विचारलंस, कशी दिसते?
नाकापेक्षा मोती जड, असं ओठांवर आलं होतं.
म्हणालो, चालू कर.

चालू झाली. खोकली.
मूठ पिळलीस की क्षणभर गप्प, मग एकदम उधळायची,
मूठ सोडलीस की सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌,
पेन्हालोंचं कुत्रं पायरीखाली शिरलं.
बिघडली, म्हणालीस.
बिघडली नाही, टॅम्सिन. उपाशी आहे.
श्वास मोठा घ्यायला लावलास तिला
आणि घास तेवढाच ठेवलास.

प्लग काढून तुझ्या तळहातावर ठेवला,
फडक्यात, कारण भाजतो.
खडूसारखा पांढरा.
काळा निघाला असता तर अजीर्ण.
आपल्याला हवा बिस्किटाचा रंग,
कॉफीत बुडवण्याआधीच्या.
तू हसली नाहीस. पण फडकं परत दिलं नाहीस.

कार्बुरेटरच्या पोटातून जेट काढला,
पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा.
भोक इतकं बारीक
की उजेडाकडे धरून एक डोळा मिटावा लागतो.
मिटलास.
"खाणीचा मनोरा दिसतोय," म्हणालीस, "अख्खा."
ज्या मनोऱ्याखाली तुझा पणजोबा रोज उतरायचा
तो त्या भोकात मावला, हे मला कधी सुचलं नव्हतं.
मी एकशेसत्तरचा बसवला, एकशेपासष्ट खिशात टाकला.

उरला मिश्रणाचा स्क्रू.
कंपनीने तो टोपण ठोकून बुजवलेला,
तुमच्या-आमच्यासारख्यांनी हात लावू नये म्हणून.
मी ड्रिल लावलं.
आधी आत, हलक्या हाताने, टेकेपर्यंत.
मग बाहेर. एक. दोन. अर्धा.
हे पुस्तकातलं माप.
खरं माप इंजिन तापल्यावर, कानाने.

म्हणून तापेपर्यंत उभे राहिलो,
वीस मिनिटं, गॅरेजचं दार उघडं,
बाहेर मे महिन्याचा उशिरा आलेला बर्फ.
सात वर्षं मी तुझ्या आईचा नवरा आहे.
तुझा कोण, ते कधी कोणी विचारलं नाही,
फॉर्म भरतानासुद्धा तू ती ओळ कोरी सोडायचीस.
मी पाहिलं होतं. बोललो नाही.
आत्ताही बोललो ते एवढंच:
आत घे, अडखळेपर्यंत.
आता बाहेर, परत अडखळेपर्यंत.
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ती स्वतःच सांगेल.
तू पेचकस धरलास. मी हात मागे घेतला.
मला डाव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून उजवा कान तिच्याकडे आणि पाठ तुझ्याकडे.
"इथे?" तू विचारलंस.
इथेच.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून उतरून आलीस.
प्लग काढलास, न विचारता, फडक्यासकट.
बिस्किट.
आणि त्याच दमात म्हणालीस, नऊ तारखेला निघते,
अ‍ॅस्टोरियाला, मासळीच्या कारखान्यात काम आहे.
आईला माहीत होतं. पेन्हालोंनाही, बहुतेक.

मी चहाच्या डब्यात हात घातला
(त्यात चहा कधीच नसतो)
आणि एकशेऐंशीचा जेट काढला,
विजेच्या बिलाच्या पाकिटात घातला.
इथे सतराशे मीटरवर हवा पातळ,
हे सगळं पातळ हवेच्या मापाने शिवलंय.
खाली समुद्राकाठी ती दाट असते.
आधी बरं वाटेल, भरपूर वाटेल,
मग एके दिवशी परत फट्‌ फट्‌ सुरू होईल.
घाबरू नकोस. बिघडलेली नसेल.
हा बसव. स्क्रू परत आतपासून मोज.

"आणि इकडे आले तर?"
हा एकशेसत्तरचा ठेव जपून, म्हणालो.

जपून ठेवतेस की नाही, कोण जाणे.
बाकड्याखालचं काळं खोकं अजून तिथेच आहे.
परवा तुझी आई म्हणाली, टाकून देऊ का?
मी डावा कान तिच्याकडे केला.